तरंगंबाडी: हिशोबात न बसलेला शुक्रवार

दिवस पहिला, गुरुवार, तंजावर

तंजावरबद्दल फार लिहीत बसत नाही, मराठीत त्यावर भरपूर लिहून झालंय. बृहदीश्वराचं देऊळ १०१० सालचं आहे, पण दुपारी बारा वाजता त्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालताना राजराज चोळ वगैरे काही आठवत नाही, सावली कुठाय तेवढंच दिसतं. त्या सावलीच्या शोधात मागच्या भिंतीकडे पळाले आणि समोर बघते तर मराठी! भिंतभर कोरलेलं. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी, त्यांनी १८०३ मध्ये अख्खा भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडात लिहून घेतलाय. चार दिवस बसच्या पाट्यांवरची तमिळ अक्षरं बघून माझी अवस्था बालवाडीतल्या पोरासारखी झाली होती, त्यामुळे अर्थ अर्धामुर्धाच लागत असला तरी बोट ठेवून ठेवून मोठ्याने वाचत सुटले. शेजारच्या काकूंना वाटलं असणार की मी स्तोत्र म्हणतेय, त्यांनी हात जोडले.

रात्री बॅग भरली, लॉजवाल्याचे पैसे दिले, पाचचा गजर लावला. सकाळची ट्रेन, उतरायचं चिदंबरम, तिथून पाँडिचेरी. एक्सेल शीट केलेली ना मी. रंग भरलेली.

दिवस दुसरा, शुक्रवार

स्टेशनवर पावणेसहाला पोचले. गाडी आली, डबा सापडला, बर्थवर एक आजोबा गाढ झोपलेले. त्यांना हलवून उठवलं, त्यांनी उशीखालून तिकीट काढलं, मी मोबाईल काढला, दोघांचा नंबर एकच. मग त्यांनी चष्मा लावून माझा मोबाईल स्वतःच्या हातात घेतला, नीट बघितलं आणि अगदी मायेने म्हणाले, "मा, दिस इज टुमारो."

तिकीट शनिवारचं. पाँडिचेरीची रूमही शनिवारपासूनच. म्हणजे बुकिंग सगळं बरोबर होतं, चूक माझ्या डोक्यात होती, मदुराईहून रात्रीचा जो प्रवास केला त्याचा दिवस मी मनातल्या मनात दोनदा मोजला होता. आजोबांची माफी मागून खाली उतरले, गाडी सुटली, आणि मी तंजावरच्या प्लॅटफॉर्मवर एक बॅग आणि एक जास्तीचा दिवस घेऊन उभी.

लॉजवर परत जायची लाज वाटत होती (रात्री त्या माणसाला पाँडिचेरीबद्दल बरंच काय काय ऐकवलं होतं). म्हटलं, येईल ती पॅसेंजर पकडू. आली ती मयिलादुतुरैपर्यंत जाणारी. कुंभकोणम, मग भाताची शेतं, बगळे, मग आणखी भाताची शेतं, कावेरीचा सगळा खालचा पट्टा आहे हा, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. कोकणातल्या माणसाला असं सपाट बघून थोड्या वेळाने अस्वस्थ व्हायला होतं, डोंगर कुठे ठेवलाय यांनी असं वाटत राहतं.

मयिलादुतुरैला सगळे अजून मायावरमच म्हणतात. स्टँडवर डबरा-टंबलरमधली (म्हणजे वाटी-पेल्यातली) कॉफी प्यायले. कॉफीवाला एका हाताने वर आणि एका हाताने खाली अशी हातभर धार धरतो, एक थेंब बाहेर नाही. मी बशीत ओतते तेव्हाही टेबलावर सांडते. तिथून चिदंबरमची बस घ्यायची असं ठरवलं होतं, पण शेजारच्या बसमध्ये एक अख्खं वऱ्हाड चढत होतं. रेशमी साड्या, वेष्टी, फुलांच्या हारांच्या टोपल्या, तांब्याची भांडी. नवरा-नवरी कुठे दिसेनात. कंडक्टर ओरडत होता, "तिरुक्कडैयूर, तरंगंबाडी, पोरैयार, पोरैयार!"

तरंगंबाडी! आता हे नाव मला कुठून माहीत, तर एमपीएससी. दोन वर्षं पेठेतल्या अभ्यासिकेत बसून पाठ केलेलं: पोर्तुगीज गोवा, फ्रेंच पाँडिचेरी, डॅनिश ट्रँकेबार १६२०, डॅनिश सेरामपूर. परीक्षा काही निघाली नाही, पण हे डोक्यात चिकटून राहिलं. ट्रँकेबार म्हणजेच तरंगंबाडी. ज्या गावावर एका मार्काचा प्रश्न येईल म्हणून दोन वर्षं वाट बघितली आणि तो कधी आलाच नाही, त्या गावाला जाणारी बस समोर उभी. चढले.

वऱ्हाडाचा उलगडा बसमध्येच झाला. नवरा-नवरी म्हणजे माझ्या पुढच्या सीटवरचे आजी-आजोबा. आजोबा साठ पूर्ण. त्यांच्या सुनेने मोडक्या हिंदीत आणि बऱ्याचशा हातवाऱ्यांत सांगितलं की तिरुक्कडैयूरच्या देवळात साठी पूर्ण झालेल्यांचं पुन्हा लग्न लागतं. मग ती विचारते, "हसबंड?" मी म्हटलं, इल्लै. "अम्मा-अप्पा?" म्हटलं, रत्नागिरी. हे उत्तर तिला पटलं नाही. एकटी पोरगी, बॅग घेऊन, नवरा नाही, आईबाप बरोबर नाहीत. तिने पिशवीतून दोन केळी काढून माझ्या हातात दिली आणि सरळ सांगितलं की तिरुक्कडैयूरला उतर, जेवूनच जा. उतरले.

हे देऊळ मार्कंडेयाचं. यमाने फास टाकला, पोराने पिंडीला मिठी मारली आणि शंकराने यमालाच लाथाडलं, ती गोष्ट इथली मानतात. म्हणून आयुष्य वाढवून मागायला सगळे इथे. साठाव्या वर्षी एक विधी, सत्तरीला एक, ऐंशीला एक. आपल्याकडे साठी शांत करतातच, पण इथे ओवऱ्यांमधून बघावं तिकडे म्हातारे नवरा-नवरी बसलेत, एकीकडे एक भटजी, चार हातांवर दुसरा, धूर एवढा की आपलं वऱ्हाड कुठलं तेच कळेना, एक मामा दुसऱ्याच जोडप्याला अक्षता टाकून आले.

मला सगळ्यात आवडलं ते आंघोळीचं. आजी-आजोबांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं आणि कलशातलं पाणी डोक्यावर ओतायचं, पण थेट नाही, मध्ये चाळणी. पिठाची असते तशी गोल चाळणी दोघांच्या डोक्यावर धरतात, त्यातून ते पाणी पावसासारखं पडतं. आधी मुलगा, मग सून, मग नातवंडं, मग गावातले, एकेक जण येऊन कलश रिकामा करतोय. आजोबा डोळे मिटून गंभीर, आजी मात्र पाणी नाकात गेल्यामुळे एकसारखी शिंकत होती आणि प्रत्येक शिंकेला नातू खिदळत होता. मग कोरडे कपडे, मग हार, मग ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र. आजोबांचे हात थरथरत होते, गाठ बसेना, तर आजीने स्वतःच हात मागे नेऊन ती बांधून घेतली.

मी व्हिडिओ कॉल लावला. बाबांची साठी गेल्या वर्षी झाली, शांत करू म्हटलं तर "मी काय म्हातारा झालो का" म्हणून दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. फोन आईने उचलला, तिला सगळं दाखवलं, बाबांना हाक मारली. बाबा स्क्रीनमध्ये वाकून म्हणतात, "परत लग्न? त्याच बाईशी?" मागून आई, "विचार त्यांना, दुसरी कोण उभी राहणार आहे." मग नेट गेलं.

देवळात अभिरामी देवीचं एक वेगळं गाभारं आहे आणि तिथली गोष्ट सुनेच्या दिराने इंग्रजीत सांगितली. एक राजा अमावस्येच्या दिवशी दर्शनाला आला. देवीचा भक्त एक भट्टर, म्हणजे पुजारी, तिथे ध्यान लावून बसलेला, राजाने विचारलं आज तिथी काय, त्याला डोळ्यापुढे फक्त देवीचं तेज, तो बोलून गेला पौर्णिमा. आता राजासमोर चुकीची तिथी सांगितली म्हणजे जीवावरचं. तर देवीने कानातलं कुंडल काढून आकाशात भिरकावलं, ते चंद्रासारखं चमकलं आणि भट्टर वाचला. राजाचं नाव विचारलं तर म्हणे सरभोजी. मी म्हटलं, सरभोजी म्हणजे? भोसले? तो म्हणाला, येस येस, मराठा किंग. हे पहिले सरफोजी, १७१२ ते १७२८. काल भिंतीवर वाचले ते दुसरे. चुकीची तारीख सांगून मी सकाळी एका आजोबांची झोप मोडली होती, त्यामुळे मला ती गोष्ट जरा जास्तच जवळची वाटली.

जेवण पानावर. शुक्रवार, त्यात देऊळ, म्हणजे सांबार, कूटू, पोरियल, रसम, पायसम. वाढपी माझ्या पानापाशी येऊन दर वेळी थांबायचा आणि मी "पोदुम" (पुरे) म्हटलं की हसून आणखी एक डाव घालायचा.

तिथून तरंगंबाडी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. मोठ्या रस्त्यावर बस सोडते आणि चालत आत जायचं. गावाच्या तोंडाशी पांढरी वेस आहे, डॅनिशांची, १७९२ ची. वेशीतून आत शिरलं की सरळ रस्ता थेट समुद्राकडे, किंग स्ट्रीट, आणि एकदम सगळा आवाजच बंद होतो. जाड खांबांची घरं, बंद खिडक्या, बोगनवेल, एक सायकल भिंतीला टेकवलेली, एक बकरी व्हरांड्यात. दुपारचे दोन. रस्त्यावर मी आणि बकरी.

थोडं एमपीएससी सांगून टाकते, दोन वर्षं वाया गेलीत तर वापरू तरी. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाला ही किनाऱ्यावरची पट्टी दिली, मिरीचा व्यापार करायला. ओव्ह गेडे नावाचा चोवीस-पंचविशीतला पोरगा जहाजं घेऊन आला होता, त्याने करार केला आणि किल्ला बांधायला घेतला, डान्सबोर्ग. पुढे तंजावर भोसल्यांकडे आलं, म्हणजे डॅनिश लोक वर्षाचा खंड आपल्या एकोजी-शहाजींच्या दरबारात भरायचे. शेवटी धंदा बसला आणि १८४५ मध्ये ट्रँकेबार आणि सेरामपूर दोन्ही मिळून साडेबारा लाखांना इंग्रजांना विकून मोकळे झाले. साडेबारा लाख. पुण्यात आज एवढ्यात पार्किंग येतं.

रस्त्याच्या टोकाला किल्ला. फिकट गुलाबी-पिवळसर, मागे समुद्र, फोटोत असतो अगदी तसा. आणि फाटकाला कुलूप. पाटीवर तमिळमध्ये बरंच काही आणि खाली इंग्रजीत एक ओळ: शुक्रवारी बंद.

मी तिथेच कठड्यावर बसून पाच मिनिटं हसले. सोमवार बंद असतो हो म्युझियम, सगळ्या जगात सोमवार! शहाळंवाली बाई माझ्याकडे बघत होती, तिने न विचारता एक शहाळं फोडलं. "फ्रायडे लीव," म्हणाली. "टेन ओ क्लॉक, टुमारो." आज सगळं जग मला टुमारो सांगत होतं.

किल्ला नाही तर चर्च. किंग स्ट्रीटवरच दोन, झायन चर्च १७०१ चं आणि न्यू जेरुसलेम १७१८ चं. दुसऱ्यात त्सिगेनबाल्गची कबर आहे. हा जर्मन, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला पाद्री, ९ जुलै १७०६ ला इथे उतरला, वय तेवीस. तमिळ शिकायची म्हणून गावच्या शाळेत पोरांच्या रांगेत वाळूत मांडी घालून बसला आणि बोटाने अक्षरं गिरवली. पुढे छापखाना मागवला आणि १७१४-१५ मध्ये तमिळ नवा करार छापला. जर्मनीहून आलेले छपाईचे खिळे फार मोठे होते, कागद पुरेना, म्हणून चीजच्या डब्यांची शिशाची झाकणं वितळवून इथे बारीक अक्षरं ओतली अशी गोष्ट सांगतात. छत्तिसाव्या वर्षी गेला. चर्चमध्ये एक मावशी झाडत होत्या, त्यांनी झाडू बाजूला ठेवून मला कबरीपाशी नेलं आणि चप्पल काढायला लावली. चर्चमध्ये चप्पल बाहेर, हे मला फार आवडलं.

आणि हा छापखान्याचा धागा आपल्यापर्यंत येतो बरं का. १७५० मध्ये इथेच श्वार्ट्झ नावाचा पाद्री उतरला, तो पुढे तंजावरला गेला आणि दुसऱ्या सरफोजींचा पालक-गुरू झाला. भिंतीवर इतिहास कोरून घेणारे, पुस्तकं जमवणारे, स्वतःचा छापखाना काढणारे सरफोजी याच्या हाताखाली वाढले. शिवाय ते दुसरं डॅनिश गाव, सेरामपूर, तिथे विल्यम कॅरेने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. दोन्ही गावं मी एका ओळीत पाठ केली होती, आणि त्या ओळीत हे काहीच नव्हतं.

संध्याकाळी समुद्र. किल्ल्याच्या उत्तरेला मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, पांड्य राजांच्या काळातलं, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं. बराचसा जुना भाग समुद्राने खाऊन टाकलाय, आता नवं बांधकाम आहे, रंगीबेरंगी. किनाऱ्याला काळ्या दगडांचा ढीग घालून बांध केलाय. २००४ च्या त्सुनामीत या गावाची फार माणसं गेली. जाळं विणत बसलेल्या एका काकांना मी काही विचारलं नव्हतं, मी फक्त बांधाकडे बघत होते, तर ते उठले, शेजारच्या भिंतीपाशी गेले आणि हात जेवढा वर पोचतो तेवढा वर करून दाखवला. मग परत येऊन बसले आणि सुई चालवायला लागले. मीही काही बोलले नाही.

बराच वेळ बसून होते. सूर्यास्त बघायचा होता. सहा वाजले, सव्वासहा, समुद्र राखाडी होत चालला आणि सूर्य काही दिसेना. ढग असतील म्हटलं. मग मागे वळून बघितलं तर नारळांच्या मागे, गावाच्या बाजूला, सगळं केशरी आणि सूर्य जवळपास संपलेला. पूर्व किनारा! रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईला समुद्र म्हणजे पश्चिम, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच कधी डोक्यात आलं नव्हतं.

राहायला गावात एक सुंदर हेरिटेज हॉटेल आहे, त्याचा रेट विचारला आणि थँक्यू म्हणून बाहेर आले. मोठ्या रस्त्यावर एक लॉज मिळालं, नाव घेत नाही, एसी रूमचे पैसे घेतले आणि एसीचा रिमोट देऊन एसी बंद आहे असं सांगितलं. रिमोट कशाला दिला मग? रात्री लाईट गेली. परोटा-साल्ना खाऊन पंख्याविना झोपले.

दिवस तिसरा, शनिवार

साडेपाचलाच किनाऱ्यावर. सूर्य समुद्रातून वर येताना मी पहिल्यांदा बघितला, आधी तांबूस रेघ, मग एकदम जणू कुणीतरी खालून ढकलल्यासारखा. फायबरच्या बोटी परत येत होत्या. पूर्वी इथे लाकडाचे ओंडके दोरीने बांधून केलेली कट्टुमरम असायची, कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड, जगभर ज्याला कॅटमरान म्हणतात तो शब्द इथलाच. टोपलीत सुरमई दिसली. मी सुरमई म्हटलं, मासेवाली वंजरम म्हणाली. मी पापलेटकडे बोट दाखवलं, ती वव्वाल. बांगडा, अयलै. अशी आमची शिकवणी पंधरा मिनिटं चालली, मी वाळूत देवनागरीत लिहून घेत होते आणि लाट येऊन पुसून जात होती. घेतलं काही नाही, बसमध्ये वंजरम कुठे नेऊ. ती बोललीच काहीतरी, न कळलं ते बरं झालं.

दहाच्या ठोक्याला किल्ल्याच्या दारात. पहिलं तिकीट माझं. आत चौक, वरच्या मजल्यावर कमांडरच्या, पाद्र्याच्या खोल्या, खाली कोठारं आणि कैदखाना. याच किल्ल्यात त्सिगेनबाल्गला स्वतःच्याच डॅनिश कमांडरने चार महिने कोंडलं होतं, १७०८-०९ मध्ये, भांडण झालं म्हणून. चिनीमातीची भांडी, तलवारी, धुळकट काचेमागचे कागद, सगळं मिळून पाऊण तासात झालं. खरं सांगायचं तर किल्ला बाहेरून जास्त छान आहे. पण वरच्या खिडकीतून समुद्र बघत थोडा वेळ उभी राहिले, वारा एवढा की ओढणी तोंडावर, आणि खाली शहाळंवालीने मला ओळखून हात केला.

साडेअकराला मोठ्या रस्त्यावर चिदंबरमकडे जाणारी बस मिळाली. माझं कालपासून सांभाळलेलं शनिवारचं कन्फर्म तिकीट तोपर्यंत पाँडिचेरीच्या वाटेवर माझ्याशिवाय कुठेतरी पोचलं होतं. खिडकीची जागा मिळाली, तिरुक्कडैयूरला पुन्हा एक वऱ्हाड उतरताना दिसलं, आणि तेवढ्यात बाबांचा मेसेज आला, स्वतः टाईप केलेला, म्हणजे आईला न सांगता:

"तिथे सत्तरीचं पण करतात म्हणालीस ना. किती घेतात विचारून ठेव."